पतंग की पॉसम? (लेकीचा गृहपाठ, आईची पंचाईत)

निळीशाई | ११ ऑक्टोबर, रात्री ९:४०

कॅनबेराला येऊन आम्हाला चार वर्षं झाली. लेक सहावीत आहे. तिला शाळेतून गृहपाठ आलाय: ऑस्ट्रेलियातला एक कीटक घ्या, एक छोटा शिशुधान प्राणी घ्या (पोटाला पिशवी असणारे, कांगारूच्या भावकीतले), दोघांची तुलना करा आणि शेवटी लिहा, एकालाच वाचवण्याइतके पैसे असतील तर ते कुणाला द्याल आणि का.

प्राणी तिने एका सेकंदात निवडला. माउंटन पिग्मी पॉसम. फोटो शोधून बघा, तुम्हीही हाच निवडाल. मुठीत मावेल एवढा जीव, वजन ४५ ग्रॅमच्या आसपास, टपोरे काळे डोळे आणि अंगापेक्षा लांब शेपूट.

कीटक निवडायला बाईसाहेब जागच्या उठल्यासुद्धा नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे नुसतं बोट दाखवलं. इकडे सध्या वसंत चालू आहे आणि रोज रात्री तपकिरी पतंग घरात घुसताहेत. शेजारच्या आजी म्हणाल्या, हे बोगाँग, दरवर्षी येतात. दिवसा सरकत्या दाराच्या रुळात, एक्झॉस्ट फॅनच्या झडपेत, पडद्याच्या चुणीत दडून बसतात. काल पोळ्या लाटताना एक थेट परातीत पडला. काढून टाकला, पण कणकेच्या गोळ्यावर पंखांची राखाडी पूड तशीच. तेवढा भाग चिमटून फेकला आणि बाकीच्या पोळ्या केल्या (नवऱ्याला सांगू नका). नवऱ्याने आजवर अकरा मारलेत, स्लीपरने. आकडा फ्रिजवर लिहून ठेवतो.

माझं मत सरळ आहे: पॉसम. रानात दोन हजारसुद्धा उरलेले नाहीत म्हणतात, आणि पतंग माझ्या एका घरात अकरा. पण उत्तर इतकं सोपं असतं तर बाईंनी विचारलं असतं का? लेकीला काय सांगू?

---

तिरकस | ९:५२

अकरा? दहा पडले की डाव संपतो, भावजींना नियम सांगा.

मत पॉसमला. परातीत पडणाऱ्याला कोण मत देणार.

---

खडीसाखर | १०:०५

अगं कसलं गोड आहे ते!! फोटो बघितला आणि ऑफिसच्या कॉलवर म्यूट करायला विसरून जोरात "अय्या" म्हणाले. प्रश्नच नाही. पॉसम, पॉसम, पॉसम.

---

शुद्धलेखनबाई | १०:३१

धागा छान. दोन गोष्टी. एक, पॉसम आणि ओपॉसम एक नव्हेत. ओपॉसम अमेरिकेतला, पॉसम ऑस्ट्रेलियाकडचा. पिशवीवाले दोघेही, पण घराणी वेगळी. लेकीच्या तक्त्यात गोंधळ नको.

दोन, फुलपाखरू आणि पतंग यांत गल्लत करू नका म्हणणार होते, पण तुम्ही केलेली नाही. तरी लिहून ठेवलं.

---

तिरकस | १०:३३

न केलेली चूकही पकडली. दंडवत.

---

कीटकवेडा | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

ताई, तुमच्या लेकीने नकळत भन्नाट जोडी जमवली आहे. या दोघांची तुलना म्हणजे डबा आणि डबा खाणारा यांची तुलना. तुमच्या घरात घुसलेले पतंग तिथे राहायला आलेले नाहीत, ते वाट चुकलेले प्रवासी आहेत. निघालेत त्या पॉसमच्याच डोंगरावर. आणि पॉसम त्यांचीच वाट बघत बसलाय.

सविस्तर लिहितो, मग कुणाला मत द्यायचं ते ठरवा.

बोगाँग पतंगाची अळी हिवाळ्यात दक्षिण क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्सचा पश्चिम भाग आणि पश्चिम व्हिक्टोरियाच्या सपाट मुलखात जमिनीत वाढते. वसंतात पतंग बाहेर पडतो आणि रात्री उडत उडत ऑस्ट्रेलियन आल्प्सकडे निघतो. काहींचा प्रवास हजार किलोमीटरचा. वजन किती? ग्रॅमचा तिसरा हिस्सा. स्वयंपाकघरात आहातच तर तांदळाचे पंधरा दाणे तळहातावर घ्या, एवढं.

वर पोचल्यावर हे लोक थंड कपारीत, गुहेत शिरतात आणि अख्खा उन्हाळा झोपतात. भिंतीवर एकमेकांना खेटून, कौलं रचल्यासारखे, एका चौरस मीटरला १७,०००. उन्हाळा सरला की फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये परत खाली, जिथून आले तिकडे. तिथे अंडी घालायची आणि मरायचं. एक मादी दोन हजारांपर्यंत अंडी घालते. म्हणजे एका मादीची अंडी जगातल्या सगळ्या पिग्मी पॉसमांपेक्षा जास्त.

आता मुद्दा. जो पतंग डोंगरावर निघतो तो आयुष्यात कधी तिथे गेलेला नसतो. आईबाप त्याच्या जन्माआधीच मेलेले. दाखवणारं कुणी नाही, वाट मात्र बिनचूक. २०१८ मध्ये कळलं की त्याला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जाणवतं. २०२५ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या एरिक वॉरंट यांच्या गटाने दाखवलं की तो ताऱ्यांवरून दिशा ठरवतो. पतंगाच्या पाठीला बारीक दांडी चिकटवून त्याला हवेत उडता ठेवला, चुंबकीय क्षेत्र शून्य केलं आणि डोक्यावर खोटं आकाश पाडलं. आकाश उलटं फिरवलं की पतंगही उलट फिरतो. तारे विस्कटून टाकले की बिचारा गोंधळतो. ताऱ्यांवरून लांबच्या ठरावीक मुक्कामाकडे जाणारा हा आपल्याला माहीत असलेला पहिला बिनकण्याचा प्राणी. मेंदू तांदळाच्या दाण्याहून लहान.

आणि तो तुमच्या परातीत पडला, कारण तुमची ट्यूबलाइट.

---

आजोबा_१९५२ | ८:०२

वाह. वाचून अंगावर काटा आला. वारीला निघालेल्याला निदान पुढे दिंडी असते, विणेकरी असतो, वाटेवरची गावं ओळखीची. इथे आधीचा वारकरी एकही जिवंत नाही आणि तरी पंढरी चुकत नाही.

---

तिरकस | ८:१०

आजोबा, प्रत्येक धाग्यात वारी आलीच पाहिजे असा नियम आहे का? मागच्या आठवड्यात वॉशिंग मशीनच्या धाग्यातही आली होती.

---

आजोबा_१९५२ | ८:२२

ती पांढऱ्या कपड्यांवरून आली होती. संदर्भ होता.

---

निळीशाई | ८:४०

कीटकवेडा, लेकीला शाळेत सोडताना गाडीत वाचून दाखवलं. गप्प बसली. मग म्हणाली, "बाबांनी अकरा जणांना मारलं." फ्रिजवरचा आकडा पुसून गेली आहे.

पण मग हे एकमेकांशी बांधलेले असतील तर "एकालाच" हा प्रश्नच चुकीचा नाही का?

---

पाटलाचा_मळा | १:४५

मोबाइलवरून लिहितोय, चुकभूल माफ.

सगळ्यांना पतंगाचं कौतुक वाटायला लागलं म्हणून लिहितो. मी जालन्याकडचा, हरभरा करतो. या पतंगाचे सख्खे चुलते आमच्याकडे आहेत, आम्ही त्यांना कटवर्म म्हणतो. कृषी सहायक म्हणतात देठ कुरतडणारी अळी. संध्याकाळी पाहून आलेलं बारा-पंधरा दिवसांचं कोवळं रोप सकाळी जमिनीलगत कापून आडवं पडलेलं असतं. खातही नाही पुरतं, नुसतं पाडून ठेवते. रोपाच्या बुडाशी बोटभर माती उकरली की मळकट काळी, गुळगुळीत अळी सापडते, हात लावला की गुंडाळी करते. माझे वडील संध्याकाळी सऱ्यांत ओल्या गवताचे ढीग ठेवायचे, सकाळी ढीग उचलायचे आणि खाली लपलेल्या अळ्या रॉकेलच्या डब्यात. दोनशे-तीनशे निघायच्या.

ताऱ्यांवरून उडतो हे भारीच आहे. पण ज्याच्या वावरात तो वाढतो त्यालाही विचारा. तिकडच्या शेतकऱ्याचं काय म्हणणं आहे?

---

कीटकवेडा | ३:२०

पाटील, बरोबर पकडलंत. बोगाँगची अळी तिकडेही कटवर्मच आहे आणि शेतकरी तिला शिव्याच घालतात. गंमत अशी की क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाउन्समध्ये, जिकडून हे पतंग निघतात, जमीन तुमच्यासारखीच. काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगा पडणारी. तुमची आणि तिकडची माती एकाच जातकुळीची.

म्हणजे खाली शिव्या आणि वर आरती, एकाच जिवाच्या नशिबात.

---

डोंगरवाट | ४:०५

मी मेलबर्नला असतो, दर हिवाळ्यात हॉथमला स्कीइंगला जातो. पॉसमच्या बाजूने कुणी नीट बोललंच नाही, नुसतं "अय्या" झालं. म्हणून माझे दोन पैसे.

हा प्राणी शास्त्रज्ञांना आधी हाडं म्हणून माहीत होता. १८९५ च्या सुमारास रॉबर्ट ब्रूम यांना न्यू साउथ वेल्समधल्या वोंबियन गुहांच्या परिसरात जबड्याचे जीवाश्म मिळाले, त्यावरून नाव दिलं बुरामिस पार्व्हस. सगळे धरून चालले की ही जात कधीच संपली. पुढे ७० वर्षांनी, १९६६ मध्ये, माउंट हॉथमवरच्या एका स्की क्लबच्या झोपडीत एक छोटं जनावर फिरताना सापडलं. उंदीर समजून बघितलं तर हा! जीवाश्म जिवंत होऊन स्वयंपाकघराच्या आसपास हिंडत होता. (म्हणजे लेकीच्या दोन्ही प्राण्यांची ओळख माणसाच्या घरातच झाली.)

ऑस्ट्रेलियात सस्तन प्राणी भरपूर, पण फक्त उंच, बर्फाच्या पट्ट्यातच राहणारा हा एकटा. मोठमोठ्या धोंड्यांच्या ढिगाऱ्यात राहतो. हिवाळ्यात बर्फाखाली सात-सात महिने झोप. एकेक डुलकी वीस दिवसांपर्यंत, अंगाचं तापमान दोन अंशांवर. मी वर स्की करतो तेव्हा तो खाली फ्रिजमधल्या दुधापेक्षा थंड होऊन पडलेला असतो. आणि एवढासा असून मादी बारा वर्षांपर्यंत जगते. आपल्याकडचा उंदीर दोन वर्षांत आटोपतो.

बर्फ वितळलं की उठतो. सात महिन्यांचा उपाशी, त्यात माद्यांना पिल्लं व्हायची वेळ, पिशवीत चार. आणि नेमके त्याच आठवड्यांत पतंग येतात, पोट चरबीने गच्च भरलेले. आयता पौष्टिक लाडूच म्हणा.

---

खडीसाखर | ४:१२

बाळंतिणीला डिंकाचे लाडू!! आता आणखीच आवडला.

---

डोंगरवाट | ४:३०

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. यांच्यात लग्नाची पद्धत न्यारी. माद्या डोंगराच्या वरच्या, चांगल्या वस्तीत राहतात. बोके खालच्या अंगाला. वसंतात नवरदेव वर चढून येतात, कार्य उरकलं की माद्या त्यांना हाकलून देतात. हॉथमला स्की रिसॉर्टसाठी मधून रस्ता गेला. झालं, नवरे वर यायचे बंद, जे वर होते त्यांना खाली जाता येईना, एका घरात सगळे कोंबले गेल्यासारखे. हिवाळ्यात माद्या मरायला लागल्या. मग १९८५ च्या सुमारास रस्त्याखालून बोगदा काढला, आत खडक भरून ठेवले म्हणजे त्यांना घरच्यासारखं वाटावं. नाव पडलं "टनेल ऑफ लव्ह". बोके त्यातून ये-जा करायला लागले आणि माद्या तगायला लागल्या.

---

तिरकस | ४:३४

"कार्य उरकलं की हाकलून देतात". यात न्यारं काय? माझ्याकडे फक्त बोगदा नाही, जिना आहे.

---

शुद्धलेखनबाई | ४:५०

पॉसमच्या नराला बोका म्हणत नाहीत.

---

डोंगरवाट | ४:५३

मराठीत पॉसमच्या नराला काय म्हणतात ते सांगा, बदलतो.

---

शुद्धलेखनबाई | ५:४१

राहू द्या बोका.

---

गडचिरोलीकर | ७:१०

पतंग फक्त पॉसमच खातो असं नाही ना? कुठेतरी वाचलं होतं की तिथले आदिवासी डोंगरावर जाऊन हे पतंग खायचे. आमच्या भागात माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी करतात. मी खाल्ली आहे, आंबट, झणझणीत, भाताबरोबर मस्त लागते. शहरातले नातेवाईक नाक मुरडतात आणि मग कोळंबी मागवतात.

---

कीटकवेडा | ७:४८

बरोबर आहे. उन्हाळ्यात वेगवेगळ्या टोळ्यांची माणसं आल्प्सवर जमायची. कपारीतून पतंग खरवडून काढायचे, गरम राखेत भाजायचे, पंख-पाय झटकून टाकायचे, कधी दगडावर वाटून वड्या करायच्या. चव दाण्यासारखी लागते असं जुन्या नोंदींत आहे. व्हिक्टोरियातल्या क्लॉग्ज गुहेत, गुनाइकुर्नाई लोकांच्या मुलखात, अलीकडे एक लहान वाटायचा दगड मिळाला. त्यावर पतंगाचे अंश सापडले, वय सुमारे २,००० वर्षं. जत्रा, सोयरिकी, देवाणघेवाण, सगळं या एका जिवाच्या भरवशावर. लेकीच्या तक्त्यात हे जरूर घाला: पॉसमवर कुणाची जत्रा भरत नव्हती.

आता मात्र खाऊ नका. २००० च्या आसपास गुहांबाहेरचं गवत जळून गेलेलं दिसलं. तपासलं तर आर्सेनिक. खालच्या मुलखातून प्रत्येक पतंग कणभर घेऊन येतो, लाखो पतंग गुहेत मरतात, पावसात ते बाहेर वाहतं.

---

निळीशाई | ७:५५

आर्सेनिक????? आम्ही त्या पोळ्या खाल्ल्या.

---

कीटकवेडा | ७:५८

एका पतंगाच्या पंखाच्या पुडीने काही होत नाही. गवताला लाखो लागले. निवांत झोपा.

---

तिरकस | ७:५९

आता नवऱ्याला सांगाच.

---

सिडनीकर_जुना | ९:२०

बोगाँगवरून २००० सालचं ऑलिंपिक आठवलं. त्या दिवसांत पश्चिमेच्या वाऱ्याने पतंग सिडनीवर आले आणि स्टेडियमच्या दिव्यांवर ही झुंबड. समारोपाला यव्होन केनी गात होत्या तेव्हा एक पतंग त्यांच्या अंगावरच येऊन बसला. त्या गातच राहिल्या. आम्ही घरी टीव्हीसमोर भेळ खात होतो, माझी आई म्हणाली, "पाखरालासुद्धा सूर कळतो."

तुमच्या कॅनबेरात १९८८ ला नवी संसद उघडल्यापासून तर हे खासदारांच्याही आधी हजर असायचे. इमारतीवरचे दिवे बघून.

---

रिकामटेकडा | १३ ऑक्टोबर, सकाळी ११:००

काल रात्री सगळा धागा वाचला. मला धागाकर्तीच्या पहिल्या पोस्टमधल्या एका वाक्याशी भांडायचंय. "पतंग माझ्या एका घरात अकरा", म्हणून त्याला धोका नाही. हे गणित फसवं आहे.

२०१७ मध्ये पतंगांच्या जन्मभूमीत दुष्काळ सुरू झाला आणि दोन-तीन वर्षं टिकला. त्या वसंतात डोंगरावरच्या गुहा रिकाम्या निघाल्या. काही ठिकाणी घट ९९.५ टक्के. अब्जांच्या हिशेबात येणारा जीव एका फटक्यात. पुढे पावसाची वर्षं आली तसे थोडे परतले. डिसेंबर २०२१ मध्ये आययूसीएनने (कुठला जीव किती धोक्यात आहे याची जागतिक यादी ठेवणारी संघटना) त्याला संकटग्रस्त यादीत घातलं. पॉसमला "अतिसंकटग्रस्त" म्हणतात, तो एक पायरी पुढे.

आणि पतंग आले नाहीत तेव्हा पॉसमचं काय झालं? व्हिक्टोरियात माद्यांच्या पिशवीतली पिल्लं मेली. काही वस्त्यांत जवळपास सगळ्या माद्यांची. त्यामुळे माझं मत पतंगाला. तो वाचला तर पॉसम आपोआप. उलटं होत नाही.

भरपूर असलेलं संपत नाही हा भ्रम आहे. अमेरिकेत पॅसेंजर पिजन नावाचं कबुतर थव्यांनी आकाश झाकायचं. शेवटची मादी, मार्था, १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. रॉकी माउंटन टोळ तर अब्जांच्या पुढचे. जिवंत टोळ शेवटचा दिसला १९०२ मध्ये.

---

पाटलाचा_मळा | १२:३०

रिकामटेकडा, टोळाचं उदाहरण देऊन तुम्ही माझंच काम केलं. तो टोळ गेला, कुणी रडलं का? अमेरिकेची शेती थांबली का? २०२० च्या मे महिन्यात टोळधाड अमरावती, नागपूरपर्यंत आली होती. माझा मेहुणा काटोलचा. संत्र्याच्या बागेत रात्रभर थाळ्या वाजवत, टायर जाळत बसला होता. त्याला म्हणा, टोळ वाचवा.

मी वाईट माणूस नाही. माझ्या बांधावर लिंबाला दरवर्षी सुगरणी खोपे करतात, मी फांदी तोडू देत नाही. पण तुम्ही शहरात बसून ज्याला अद्भुत म्हणता त्याची किंमत वावरात वसूल होते. ही गोष्टही तक्त्यात एका रकान्यात येऊ द्या.

---

रिकामटेकडा | १२:५८

मान्य. उत्तर नाही माझ्याकडे. इतकंच की बोगाँगच्या अळ्या तिथे रानतणावरही वाढतात आणि पिकात शिरल्या तर बंदोबस्त होतोच. कुणी त्या शेतकऱ्याला फवारू नको म्हणत नाहीये.

---

पाटलाचा_मळा | १:०४

मग ठीक. एरवी आमच्याकडे आधी प्राणी वाचतो, मग पंचनामा होतो, मग काहीच होत नाही.

---

डोंगरवाट | २:१५

"पतंग वाचला की पॉसम आपोआप" हे मात्र पटलं नाही. बुलरचंच बघा. माउंट बुलरवर १९९६ मध्ये पॉसमची वेगळी वस्ती सापडली, तेव्हा तीनशेच्या आसपास होती. दहा-बारा वर्षांत चाळीसवर आली. पतंग तेव्हा भरपूर येत होते! मारलं कुणी? स्कीच्या उतारांनी मोडलेलं घर, कोल्हे, मोकाट मांजरं आणि भाऊबंदकीतल्याच सोयरिकी. हजारो वर्षं बाकीच्यांपासून तुटलेली वस्ती, रक्त एकच झालेलं. मग २०११ मध्ये हॉथमचे सहा बोके नेऊन सोडले. मिश्र पिल्लं अंगाने मोठी, जास्त जगणारी निघाली, आकडा पुन्हा वर गेला. म्हणजे पतंग असूनही पॉसम बुडत होता, आणि माणसाने हात घातला म्हणून तरला.

---

आजोबा_१९५२ | २:४०

आमच्या आजी म्हणायच्या, सोयरीक पाच कोसांपलीकडची करावी.

---

तिरकस | २:४२

आजोबा, वारी नाही आली. तब्येत बरी आहे ना?

---

कीटकवेडा | ५:३०

डोंगरवाट यांचा मुद्दा दमदार आहे आणि तो मलाच अडचणीत आणतो. आणखी भर घालतो. मायकेल आर्चर वगैरे जीवाश्मतज्ज्ञांचं म्हणणं असं की पॉसमचं हे घराणं अडीच कोटी वर्षं सखल भागातल्या दमट जंगलांत सुखाने राहत होतं. क्वीन्सलँडच्या रिव्हर्सलेला तसे जीवाश्म आहेत. डोंगर ही त्याची नंतरची, अडकलेली जागा असू शकते. म्हणून लिथगोजवळ, बर्फाच्या पट्ट्याच्या बाहेर, २०२२ मध्ये पैदास केंद्र काढलं. उद्या डोंगरावर बर्फ राहिलं नाही तर खाली जमतं का बघायला.

आणि २०१९-२० च्या वणव्यांनंतर उपाशी पॉसमांना खास बिस्किटं नेऊन घातली. नाव "बोगाँग बिकी". पतंगाऐवजी बिस्किट.

म्हणजे पॉसमला बोगदा देता येतो, नवरे देता येतात, बिस्किट देता येतं, नवं गाव देता येतं. पतंगाला यातलं काहीही देता येत नाही. हजार किलोमीटरचं आकाश आणि त्याखालची ओली जमीन कुठलं केंद्र देणार? अब्जावधी पतंग पिंजऱ्यात पाळून चालत नाहीत. त्याला पाहिजे काय, तर वेळेवर पाऊस आणि रात्री अंधार. व्हिक्टोरियातली प्राणिसंग्रहालयं म्हणूनच लोकांना सांगतात, वसंतात बाहेरचे दिवे बंद ठेवा, आणि पतंग दिसला तर फोटो काढून कळवा.

---

खडीसाखर | ५:४४

बिस्किट चहात बुडवून देतात का?

बाय द वे मी आता गोंधळले आहे. मत मागे घेता येतं का?

---

गडचिरोलीकर | ६:०२

इथे मत मागे घेता येत नाही, पक्ष बदलता येतो.

---

शुद्धलेखनबाई | ८:१५

मूळ प्रश्न काय होता ते कुणाच्या लक्षात आहे का? मुलीचा गृहपाठ. जमा करायची तारीख कधी आहे?

---

निळीशाई | १६ ऑक्टोबर, रात्री ८:३०

आहे लक्षात, आजच जमा केला! उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. तुमच्या सगळ्यांच्या पोस्टी मी तिला वाचून दाखवत होते. (तिरकस यांच्या गाळून.)

तिने मोठ्या कार्डशीटवर दोन उभे रकाने केले. वजन: ४५ ग्रॅम, आणि तांदळाचे पंधरा दाणे खरोखर डिंकाने चिकटवलेत. आयुष्य: बारा वर्षं, एक वर्ष. झोप: हिवाळ्यात, उन्हाळ्यात. हे तिचं तिला सुचलं, एक बर्फाखाली झोपतो तेव्हा दुसरा शेतात जागा असतो, दुसरा झोपायला येतो तेव्हा पहिला उठून बसलेला. माणसांशी संबंध: पॉसमपुढे "बोगदा", पतंगापुढे "जत्रा, ऑलिंपिक, संसद, आमची कणीक". पाटीलभाऊ, "शेतकऱ्याला त्रास" हाही रकाना आहे. पतंगापुढे तिने आडवं पडलेलं हरभऱ्याचं रोप काढलंय. हरभरा तिने फक्त सोललेला बघितलाय, त्यामुळे ते कोथिंबिरीसारखं दिसतं.

शेवटचा रकाना "कुणावाचून कुणाचं अडतं". पॉसमपुढे लिहिलं "पतंग". पतंगापुढे बराच वेळ पेन्सिल चावत बसली आणि लिहिलं "तारे".

आणि पैसे? उत्तर असं: पैसे पॉसमला द्या, कारण बोगदे आणि बिस्किटं विकत आणावी लागतात. पतंगाला पैसे नकोत, त्याच्यासाठी फक्त बटण बंद करायचंय, ते फुकट आहे. मी म्हटलं, अगं पावसाचं काय? म्हणाली, "ते बाईंनी विचारलेलं नाही."

---

पाटलाचा_मळा | ८:४१

पोरगी हुशार आहे. हरभऱ्याचा फोटो पाठवतो, पुढच्या वेळी नीट काढेल.

---

रिकामटेकडा | ८:४७

मी हरलो. "ते फुकट आहे" याला उत्तर नाही.

---

डोंगरवाट | ८:५०

कार्डशीटचा फोटो टाका की!

---

खडीसाखर | ८:५१

+१ फोटो हवाच. दाण्यांचा क्लोजअप.

---

निळीशाई | ९:०३

काढून ठेवलाय, पण अंधुक आला आहे. चार दिवस झाले, आमच्याकडे सातनंतर दिवे लागत नाहीत. नवरा टॉर्चवर जेवतोय. सकाळी उजेडात नीट काढून टाकते.